रेगेन्सबुर्ग, व्हाया कासलबार

डब्लिन विमानतळावरच्या काउंटरवरच्या बाईने आईचा पासपोर्ट दोनदा चाळला आणि अगदी गोड आवाजात मला सांगितलं, हा व्हिसा आयर्लंडचा आहे, यावर जर्मनीला जाता येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. जर्मनीकडच्या देशांना लागणाऱ्या त्या शेंगेन व्हिसासाठी मी स्वतः किती हेलपाटे घातलेत! पण मध्यंतरी इथला, आयर्लंडचा पासपोर्ट हातात आला, मला व्हिसा लागेनासा झाला आणि ते सगळं डोक्यातून साफ पुसलं गेलं. आईची तिकिटं काढताना, तिला व्हिसा लागेल हे मनातसुद्धा आलं नाही. धन्य ती लेक.

कासलबारला, मी राहते त्या गावी परत येईपर्यंत आई गाडीत खिडकीबाहेरच बघत होती. तिने रागावलेलं परवडलं असतं. मी हॉस्पिटलात ओळीने ड्यूट्या करून ती चार दिवसांची रजा मिळवली होती, अंगात त्राण नव्हतं. मलाच भोकाड पसरावंसं वाटत होतं.

माझे बाबा पुण्याच्या कारखान्यात होते. मी तान्ही असताना कंपनीने त्यांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला पाठवलं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी जन्म काढला. तिथलं कॅथीड्रल, डॅन्यूबवरचा दगडी पूल, पुलाशेजारचं सॉसेजचं धुरकट दुकान. या दुकानात हा शाकाहारी माणूस रोज पाव आणि मोहरीची चटणी खाऊन यायचा. कुठलाही पूल दिसला की "आमच्या तिकडच्या पुलापुढे हा काहीच नाही." आई म्हणायची, "ते गाव माझी सवत आहे." दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. या वेळी माझ्याकडे येताना तिने एकच मागणं केलं होतं, "मला ते गाव एकदा पायी फिरून बघायचंय." काय होतं तिथे एवढं, जे आपल्याजवळ नव्हतं, ते तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर आई बूट घालून, कानटोपी बांधून सोफ्यावर तयार.

"कुठे?"

"त्या फोनमध्ये टूर घेतली आहेस ना? गाईड लागत नाही, आपलं आपण ऐकत फिरायचं म्हणालीस. मग चल, इथेच ऐकू."

"आई, अगं ती रेगेन्सबुर्गची आहे. कासलबारमध्ये कशी चालेल?"

"न चालायला काय झालं? कान माझे, पाय माझे."

वाद घालायची ताकद नव्हती. बाहेर नेहमीची भुरभुर. फोनमधली बाई इंग्रजीत सांगणार, मी थांबवून मराठीत सांगणार, अशी आमची वरात निघाली. "कॅथीड्रलकडे पाठ करून उभे राहा," म्हटल्यावर आम्ही गावातल्या चर्चकडे पाठ करून उभ्या राहिलो. रोमन लोकांच्या वेशीसाठी औषधाच्या दुकानाचं दार चालवून घेतलं. पुलासाठी आमच्या ओढ्याएवढ्या नदीवरचा पूल. तिथे सॉसेजच्या दुकानाची माहिती आली, किती जुनं, चूल कशी सारखी पेटती असते वगैरे. आईने ते परत लावायला लावलं. माझ्या डोळ्यांवर झापड येत होती. पॅथॉलॉजीच्या लेक्चरलासुद्धा मी एवढी पेंगले नसेन.

शेवटचा टप्पा नदीकाठचा, म्हणून तळ्यापाशी गेलो. तिथल्या बाकाशी फोनमधल्या बाईने निरोप घेतला.

"पुढे?" आईने विचारलं.

"संपलं."

"अगं बाई, एवढंच गाव?"

"जुनं गाव एवढंच. तास-दीड तासात होतं."

आई ओल्या बाकावर तशीच बसली. "मग हे रोज संध्याकाळी करायचे काय तिथे? मला वाटायचं, केवढं तरी शहर असेल. मी इकडे तुझी लंगोटं धुतेय आणि हे तिकडे मजा मारतायत. तोच पूल, तेच देऊळ, रोज! भाषा येत नाही, बोलायला कुणी नाही." मग म्हणाली, "आणि त्या दुकानात काय पावासाठी जायचे होय? ऊब होती ना तिथे."

"बाबा असं कधी बोलले नाहीत."

"कसे बोलतील? शेजाऱ्यांकडे फोन यायचा, कसे आहात विचारलं की, 'झकास!' मला वाटायचं, असतीलच झकास. आले तेव्हा महिनाभर मी धड बोलले नाही त्यांच्याशी."

ती रडत होती. मी रुमाल दिला. तेवढ्यात एक म्हातारेबुवा कुत्रा घेऊन आले आणि मला हात करून म्हणाले, आज दिवसाउजेडी कशी काय तू?

ते पुढे गेल्यावर आईने विचारलं, "हे कोण?"

"नाव नाही माहीत. रोज दिसतात. रात्री ड्यूटी संपली की मी तळ्याला एक चक्कर मारते."

"एकटीच?"

"मग काय बँड लावून?"

आई हसली नाही. नाक पुसून तिने माझ्याकडे नीट बघितलं, घरी आजारी माणसाकडे बघायची तसं.

"दर रविवारी फोनवर मला सांगतेस, मजेत आहे म्हणून," ती म्हणाली. "मजेत आहेस?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. सवयच आहे.

"नाही गं आई," मी म्हटलं. "फार दमलेय मी."