कादर सरांचे फुटाणे

सामन्याआधी बाकीचे प्रशिक्षक खेळाडूंना गोळा करत. आमचे कादर सर आधी आई-बापांना गोळा करत. गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या फुटाण्यांची पुडी उघडून प्रत्येकाच्या हातावर मूठभर टाकत आणि म्हणत, "तोंड चालवायचंच ना? मग ह्याच्यावर चालवा. पोरींना त्यांचं खेळू द्या." स्वतःही एक घास तोंडात धरत. आम्ही हरत असलो की सरांचा जबडा जोरात चालायचा, एवढंच.

आम्ही शेंद्रा गावचे. माझे वडील, आण्णा, शहरातल्या गारखेड्याच्या मैदानावर पहिल्यांदा आले ते खेळ बघायला नाही, निकाल द्यायला. दहावीनंतर मला शहरात शिकू-खेळू द्यायचं की घरी बसवायचं, हे ते त्या दिवशी ठरवणार होते. आले उशिरा, त्यामुळे फुटाणे चुकले.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरी रांगेत बसतात. मागून पाठीवर हात पडला, "खो" ऐकू आला, तरच उठायचं. धावणारी पोरगी माझ्या अगदी समोरून गेली आणि कडेवरून आण्णा गरजले, "ऊठ की गं! बसली काय?"

मी उठले. घरात त्या आवाजाला आम्ही सगळेच उठायचो. शिट्टी वाजली, फाऊल. हातातली पोरगी निसटली. आण्णा आणखी भडकले, "हेच शिकवलं व्हय? चल घरी!"

सर फुटाण्यांची पुडी घेऊन उठले. सरळ आण्णांकडे गेले.

"हात करा, पाटील."

"माझ्याच पोरीला बोलायची चोरी हाय का, मास्तर?"

"घरी बोला ना, दिल खोल के! पण तुमचा आवाज लई मोठा हाय. त्याच्यात बिचारीचा खो बुडतो."

लोक हसले. आण्णांनी मुकाट घास भरला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "खो आल्याबिगर उठायचं नाय, बेटा. कुणी बी बोलवू दे."

पुढच्या डावात पुन्हा तशीच एक समोरून गेली. आण्णांचे गाल फुगले, मुठी वळल्या, पण आवाज आला नाही. मी जागची हलले नाही. पाठीवर हात पडला तशी उठले आणि खांबापाशी तिला गाठलं. जिंकलो. परतताना आण्णा एवढंच म्हणाले, "पुढचा सामना कव्हा हाय?"

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी छाती फुगवून सांगते. सर गेले तेव्हा आण्णांनी शेंद्र्याहून जाऊन त्यांना खांदा दिला. आण्णा सरांना किती मानतात, ते मात्र मला बारावीतच कळलं होतं. लांबचे एक मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. "लई शिकली आता, उजवून टाका. बोलवा तिला बाहेर," म्हणाले. आतल्या खोलीत माझा हात पुस्तकावरच थांबला.

आण्णांनी ताटलीभर फुटाणे त्यांच्यापुढं सरकवले.

"खा, पाव्हणं. पोरगी बसलीय. तिचा खो आला की उठंल ती."