मांडव्याचं तांबडं पनीर

बायजा गवळणीने आपल्या दिराला मारला, दुधाच्या हंड्यात कालवला आणि त्याचं पनीर मुंबईच्या पारश्यांना खाऊ घातलं, अशी कुजबूज मांडव्याच्या बाजूला बरीच वर्षं चालू होती. विहिरीवर एकीने हे आवाज खाली करून सांगायचं आणि दुसरीने ‘पारशी म्हणे आणखी मागत होते’ अशी पुस्ती जोडायची, असा रिवाजच पडला होता. मी हे पहिल्यांदा ऐकलं जनीच्या तोंडून, आणि जनी तर बायजाच्याच गोठ्यात शेण काढायला होती. पगार बायजाचा खायचा आणि बदनामीही बायजाचीच करायची. अशी माणसं गावात लागतात, नाहीतर गावाला झोप लागेल.

बायजा ही भिकू गवळ्याची सून. सन बावीस-तेवीसच्या सुमारास भिकूचं दूध मचव्याने मुंबईला जायचं. वारा पडला की मचवा मध्येच अडायचा, दूध नासायचं, आणि भिकूचा थोरला मुलगा सदा, म्हणजे बायजाचा नवरा, हंडेच्या हंडे समुद्रात ओतून शिव्या देत परत यायचा. मासे लठ्ठ झाले, गवळी वाळले.

किनाऱ्यावर एका पारशी शेठचा बंगला होता. तिथल्या म्हाताऱ्या शेठाणीला बायजाचं दूध आवडे आणि बायजाची चुणचुणीत जीभ त्याहून आवडे. तिने बायजाला टोपलीतलं पनीर लावायला शिकवलं. कोमट दूध, मीठ, आणि दूधपित्या करडाच्या पोटातली पिशवी वाळवून तिचा भिजवलेला तुकडा. त्या तुकड्याने दूध असं थिजतं की चमच्याने कापावं. मग ते लहान टोपल्यांत भरायचं नि निवळीत, म्हणजे त्याच्याच सुटलेल्या पाण्यात, बुडवून ठेवायचं. आता अडचण अशी, की याच घरचं दूध देवळात अभिषेकाला जाई आणि भटजींच्या घरी नैवेद्याला. करडाचं पोट गोठ्यात आहे असं कळलं असतं तर देव एक वेळ गप्प बसला असता, भटजी बसले नसते. म्हणून ती पिशवी पोटमाळ्यावर धुरात, फडक्यात गुंडाळलेली असे, आणि ती कशाची हे फक्त नवरा-बायकोला ठाऊक. भिकूला संशय होता, पण म्हातारा शहाणा. वर बघायचाच नाही.

पनीर चाललं. टोपल्या मुंबईत ग्रँट रोडच्या एका दुकानात जाऊ लागल्या. भिकूने दारावर पाटी लावली: ‘भिकू गवळी आणि मुलगे, दूध व पनीर’. मुलगे दोन. एक समुद्रावर ओकत असायचा, दुसरा, येसाजी, मुंबईला तबेल्यात मारामाऱ्या करायचा. पनीर लावणारी पाटीवर कुठेच नव्हती.

सन एकोणतीसला सदा गेला. उलट्या वाऱ्यात मचव्याचं परबाण, म्हणजे शिडाचा तो आडवा वासा, गरकन फिरलं आणि त्याच्या कानशिलावर बसलं. खलाशांनी त्याला घरी आणला तेव्हा डोकं फडक्यात घट्ट बांधून आणलं होतं, कारण सोडून ठेवण्यासारखं ते उरलं नव्हतं.

तेराव्याला जेवायला येसाजी आला, तो गेलाच नाही. त्याचा हात सतत कशावर तरी पडलेला असायचा. म्हशीवर चऱ्हाट, कुत्र्यावर लाथ, बापावर शिवी. एक म्हैस पान्हा चोरते म्हणून त्याने पहारीने तिचं शिंग मोडलं. रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं आणि हा उभा राहून हसत होता. पुढच्या आठवड्यात चहा निवला म्हणून त्याने तीच पहार बायजाच्या पाठीत घातली. त्याचा बेत सरळ होता. पनीर शिकून घ्यायचं आणि वहिनीला माहेरी हाकलायची. बायजालाही ते कळत होतं. त्या घरात तिचं म्हणून जे काही होतं ते एवढंच गुपित. ते गेलं की ती रस्त्यावर.

“वैनी, दुधात काय घालतेस गो?”

“मीठ.”

“अन आनखी?”

“हात.”

या उत्तराला तिला जी थप्पड बसली तिने कानातली कुडी तुटून चुलीत गेली. ती चिमट्याने काढून तिने पुन्हा घातली, असं जनी सांगते. जनीचं निम्मं सोडून द्यावं, पण हे मला खरं वाटतं.

मग येसाजीने पोटमाळा धुंडाळला. फडक्यातलं ते काळं, सुरकुतलेलं कातडं हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि कुत्र्यापुढे टाकलं. ज्याच्यासाठी घर उलथंपालथं केलं, ते त्याने आपल्याच हाताने कुत्र्याला चारलं. बायजा दाराशी उभी राहून बघत होती. त्या बघण्याचाही त्याला राग आला. त्याने तिला फरफटत नेऊन पेंढ्याच्या खोपीत कोंडली, वरून कडी घातली आणि स्वतः पनीर लावायला बसला.

कोकणातल्या माणसाला आंबट म्हटलं की काय आठवणार? आमसूल. गरम दुधात त्याने ओंजळ-ओंजळ आमसूल पिळलं. दूध फाटलं, गोळे झाले, आणि गोळे झाले तांबूस-गुलाबी, जखमेवरच्या फडक्यासारखे. येसाजी खूष. पारश्यांना रंगीत आवडतं, असं बापाला ऐकवून तो टोपल्या घेऊन मुंबईला गेला. दुकानदाराने एक गोळा चाखला, थुंकला आणि ती टोपली येसाजीच्या तोंडावर फोडली. येसाजीने त्याची गचांडी धरली. मग दुकानातल्या हमालांनी येसाजीला असा तुडवला की तो मचव्यात बसला तो आडवाच. मांडव्याला उतरल्यावर उरलेल्या टोपल्या त्याने वाळूत भिरकावल्या. कोळणींनी ते तांबडे लगदे पाहिले, कावळे त्यावर भांडताना पाहिले.

इकडे जनीने खोपीची कडी काढली होती. बायजा त्या वाळवलेल्या कातड्याचा एक तुकडा कायम कमरेला बाळगायची. तिने तो भिजवला आणि हंडा लावला, कारण दुकानाची पाळी चुकली की दुकान दुसऱ्याचं होतं. येसाजी गोठ्यात आला तेव्हा दूध नुकतं थिजलं होतं. पांढरंशुभ्र.

“बोल,” तो म्हणाला, “न्हायतर तुजाच मुडदा यात घालतो.”

ती पुन्हा हंड्याकडे वळली. त्याने तिचा अंबाडा धरून कपाळ हंड्याच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं. तिसऱ्यांदा तो तिला वर ओढत होता तेवढ्यात बायजाच्या हाताला ताकाची मोठी रवी लागली. पहिला घाव त्याच्या कोपरावर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसल्यावर तिसरा तोंडावर, आणि दात शेणात पडले.

“आता इचार,” बायजा म्हणाली, “काय घालतात ते.”

भिकू दारात येऊन उभा होता. आयुष्यभर सगळ्यांना घाबरलेला म्हातारा त्या दिवशी पहिल्यांदा कुणाची तरी बाजू घेणार होता.

“ऊठ,” तो मुलाला म्हणाला. “मचवा सुटंल.”

“बा, मी तुजा पोर हाय.”

“हायस. पन पनीर ती लावते.”

बाईच्या हातचा मार खाल्ला हे कुणाला दिसू नये म्हणून येसाजी घोंगडी पांघरून, मचव्यातल्या पेंढ्यांच्या भाऱ्यांमागे दडून गेला. गावाला तो जाताना दिसलाच नाही. गावाला दिसलं ते एवढंच: वाळूत तांबडं पनीर, बायजाच्या कपाळाला पट्टी आणि दीर नाहीसा. एक हवालदार चौकशीला आला, दोन पेले ताक प्यायला, तिसरा मागितला आणि गेला. कुणी तोंडावर विचारलं तर बायजा नुसती रवी धुवत बसायची. मग तिच्या गोठ्यात कधी चोर शिरला नाही, आणि मचवेवाल्यांनी तिच्या टोपल्या कधी मागे ठेवल्या नाहीत.

येसाजी मेला नव्हता. तो मुंबईत एका तबेल्यात डाव्या हाताने पाणी भरत होता. तांबड्या पनिरात आमसूल होतं. रक्त पडलं ते पांढऱ्या पनिरात, आणि ते बायजाचं होतं. तिने वरचा थर काढून टाकला, बाकीचं टोपल्यांत भरून मुंबईला पाठवलं, आणि ते सगळं विकलं गेलं.