काटेसाहेबांची हलकी बॅटरी

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मालाने भरलेले ट्रक ज्या वजनकाट्यावर चढतात, तिथल्या खिडकीत ते एकतीस वर्षं बसले, म्हणून लोकांनी दिलेलं ते नाव. ट्रकवाल्यांनी त्यांच्यापुढे गोडीगुलाबी करून पाहिली, दमदाटी केली, एकदोघे तर रडलेसुद्धा. पण साहेबांनी कधी कुणाला एक किलो सोडला नाही. घरीही तोच खाक्या. पाहुण्यांचं तान्हं बाळ हातात घेतलं की "गोड आहे हो" म्हणायच्या आधी "साडेसहा" म्हणत. आणि ते बरोबर निघे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. आत दोघांपुरता बिछाना, ओटा, लहानसा फ्रीज, पंखा, छतावर सोलर पॅनल. थोडक्यात चाकांवरचं घर. त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, जन्मभर घरात बसून लोकांचे कपडे शिवले होते. आता दोघांनी देश बघायचा, असं ठरलं. बाईंनी हौसेने सामान भरलं आणि साहेब गाडी घेऊन गेले ते थेट आपल्याच जुन्या काट्यावर. खिडकीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून होता.

"साहेब, हद्दीपेक्षा ब्याऐंशी किलो जास्त भरतंय," तो चाचरत म्हणाला. "पण आता तुमचीच गाडी, तर..."

"खबरदार! परत पाठव मला."

त्याने पाठवलं. साहेबांना शिष्याचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, की घरी येईपर्यंत त्यांनी तीनदा चुकीचा गिअर टाकला.

मग छाटणी सुरू झाली. टूथब्रशच्या दांड्या निम्म्या कापल्या गेल्या. प्रवासात वाचायच्या पुस्तकांचे पुठ्ठे फाटले. बाईंचं चौदा किलोंचं शिवणयंत्र तर पहिल्याच फेरीत खाली उतरलं.

"एवढंच आहे तर तुमचं पोट ठेवा घरी," बाई म्हणाल्या. "एका दमात काम होईल."

इतकं करून एकवीस किलो कमी झाले. तेव्हा साहेबांचं लक्ष बिछान्याखालच्या चार बॅटऱ्यांकडे गेलं. जुन्या पद्धतीच्या, शिशाच्या. एकेक अठ्ठावीस किलोंची. ते बाईंना घेऊन बॅटरीच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी तरुणी हातातला पाना न सोडता म्हणाली, "काका, चार मिळून चारशे अँपिअर-अवर वीज मावते असं लिहिलंय ना? त्यातले दोनशेच वापरायचे. त्याखाली रोज उतरवल्या तर लवकर मरतात."

"म्हणजे लिहायचं शंभर आणि द्यायचं पन्नास?" साहेब ताडकन उठले. "आमच्या काट्यावर असं कुणी केलं असतं तर मी त्याला आत टाकला असता!"

तिने मग लिथियमची बॅटरी पुढे सरकवली. एकशेवीसची, वजन तेरा किलो. लिहिलेलं जवळजवळ सगळं वापरता येतं. फार खाली गेली तर आतलं सर्किट स्वतःच तिला बंद करतं. अशा दोन घेतल्या की आधीच्या चारांपेक्षा जास्तच काम होईल. साहेबांनी ती उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तेरा. खरंच तेरा." त्यांच्या आवाजात असा गहिवर बाईंनी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

एकशेबाराच्या जागी सव्वीस आले. शहाऐंशी किलोंची बचत! हद्दीत येऊनही पंचवीस उरले. ते कुणाचे, यावर घरात दोन दिवस धुसफूस झाली. साहेबांना वजनाचा एक लोखंडी काटा न्यायचा होता. बाईंनी वाद न घालता शिवणयंत्र बिछान्याखालच्या रिकाम्या जागेत ठेवलं, आणि त्यावर स्वतः बसल्या.

तळ्याकाठच्या मुक्कामाच्या मैदानावर अशा दहाबारा गाड्या उभ्या होत्या. साहेबांची तिथे लगेच पत वाढली. घोळका जमवून ते शिसं आणि लिथियम यांतला फरक सांगत, "वापरण्याजोगी क्षमता, साहेब! लेबलला भुलू नका!" म्हणत. गाडीत मात्र बॅटरी किती टक्के भरलीय ते दाखवणारा आकडा भिंतीवर लावला होता आणि तो शहाण्णवच्या खाली गेला की साहेबांचा जीव खालीवर होई. पंखा बंद. फ्रीज बंद, दूध नासलं. चहा गॅसवर, तोही एकदाच. उकाड्याने बाईंचा जीव घायकुतीला आला, पण साहेब वहीने वारा घेत आकड्याकडे बघत बसलेले.

चौथ्या दिवशी बाईंनी विचारलं, "अहो, हिला वापरण्याजोगी का म्हणतात?"

"कारण वापरता येते."

"मग वापरायची कुणी? नातवंडांनी?"

त्याच दिवशी शेजारच्या गाडीची कापडी छत्री वाऱ्याने उभी फाटली. बाईंनी यंत्र बाहेर काढलं, विजेला जोडलं आणि तासाभरात शिवून दिली. मग काय, खुर्च्यांच्या बैठका, पडदे, एकाची पँट, रांगच लागली. बाईंनी पंखा लावला, फ्रीज लावला, येणाऱ्या प्रत्येकीला विजेच्या किटलीतला चहा दिला. त्यात दोन दिवस आभाळ भरलेलं. पॅनलना ऊन नाही. आकडा सत्तर झाला, पन्नास झाला.

"अगं, मरेल ती!"

"पन्नासला मरणारी आपण दुकानात परत दिली. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

बाहेर सहा माणसं ऐकत उभी होती, म्हणून साहेबांनी स्विचकडे नेलेला हात मागे घेतला. आकडा अठरावर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. पंखा तसाच फिरत होता, यंत्र तसंच खडखडत होतं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि दुपारपर्यंत आकडा साठच्या पुढे चढला. बॅटरी आपल्याला न विचारता उतरते आणि न विचारता भरते, हे साहेबांना जरा लागलंच.

आठवड्याचा मुक्काम तीन आठवडे लांबला. बाईंना सोडायला कुणी तयार नव्हतं. जिथे तिथे त्यांचं नाव. साहेबांना लोक आता "शिवणवाल्या बाईंचे मिस्टर" म्हणू लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केलं, नंतर सोडून दिलं.

एका दुपारी जेवल्यावर ते पंख्याखाली आडवे झाले आणि चक्क दोन तास घोरले. उठल्यावर सवयीने विचारलं, "किती आहे गं?"

बाई धागा ओवत होत्या. "काय माहीत," त्या म्हणाल्या. "सरका जरा, उजेड अडतोय."

साहेब सरकले.