पूजेत बसलेला टेपरेकॉर्डर

मुलुंडच्या शैक्षणिक इतिहासातली एक अत्यंत गंभीर घटना आमच्या देवघरात घडली. इतिहासकारांनी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केल्यामुळे हे कर्तव्य मलाच पार पाडावं लागत आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी मुलुंडच्या एका शाळेत हंगामी मास्तर होतो. असे हंगामी आम्ही तिघे आणि कायमची जागा एकच. त्या सुमारास शिक्षणखात्याच्या साहेबांनी टेपरेकॉर्डर नावाचं यंत्र आणलं. मास्तरानं आपला पाठ त्यात भरायचा, मग आसपासच्या शाळांतल्या मास्तरांनी एकत्र बसून तो ऐकायचा आणि शिकवणं सुधारायचं, अशी योजना. पहिला मान माझा. विषय, दिवस आणि रात्र. "पाठ रंगला तर जागा तुझी," हेडमास्तर म्हणाले होते.

वर्गात पाठ भरून मी यंत्र टांग्यातून घरी आणलं. (वजन असं, की घोड्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.) पहिली पाच मिनिटं घराला ऐकवली. पेटीतून माझा आवाज येताच आईनं डोक्यावर पदर घेतला. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ न देणारे बाबा चक्क हात जोडून बसले. मी कृतार्थ होऊन पाठ तिथेच थांबवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी झेंडू घेऊन परततो तो यंत्र देवासमोर पाटावर! अंगावर हळदकुंकू, शेला आणि मायक्रोफोन नारळाशेजारी.

"आई, हे काय गं?"

"तुझ्या पोटापाण्याचं हत्यार ना ते? सगळ्या खुंट्या ओल्या फडक्यानं पुसून काढल्यात बघ."

"अगं, मला उरलेला पाठ ऐकायचाय."

"पूजेतल्या हत्याराला आज हात नाही लावायचा. उद्या उचल."

उद्या दसरा होता आणि श्रीखंड होतं. मी जागा झालो तो थेट संध्याकाळी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये नाहूरपासून घाटकोपरपर्यंतचे चाळीस मास्तर जमले. साहेबांनी टेप पहिल्यापासून लावून खुंटी फिरवली. माझा आवाज घुमला, "मुलांनो, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. लिहून घ्या." एका वृद्ध मास्तरांनी आदरानं टोपी काढली. पाच मिनिटं मी स्वर्गात होतो.

मग खर्रर्र झालं आणि आई बोलू लागली.

(मी आंघोळीला गेल्यावर खुंट्या पुन्हा पुसताना तिनं नेमकी भरायची खुंटी फिरवली होती! "चाकं फिरत होती, दमलं असेल म्हणून आरतीनंतर वायर काढली," हे बाबांनी मला नंतर सांगितलं.)

"बेबी, रडतेस का?" आई विचारत होती. बेबी म्हणजे माझी आठ वर्षांची बहीण.

"दादा म्हणतो, पृथ्वी फिरते म्हणून रात्र होते. मी विचारलं कशी, तर म्हणतो पाठ कर."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

"त्याला येतं ना नक्की?" हा बाबांचा आवाज.

"त्याला सगळं येतं हो. पोरांना काय येतं ते तो विचारत नाही. ये गं इकडे. हा नारळ म्हणजे पृथ्वी. हे कुंकू लावलं, हे आपलं मुलुंड. धर निरांजनासमोर. मुलुंडात काय आहे?"

"उजेड."

"आता फिरव हळूहळू. मुलुंड कुठे गेलं?"

"मागे गेलं. अंधारात."

"मग?"

टेप नुसती फिरत राहिली. आई गप्प, बेबी गप्प. शेजारचे मास्तर हातातली दौत नकळत गोल फिरवू लागले. इतका वेळ गप्प बसायचं धाडस मी वर्गात कधी केलं नव्हतं.

"आई! रात्र झाली! मुलुंडात रात्र झाली!"

वृद्ध मास्तरांनी डोळे पुसले. मलाही पहिल्यांदाच कळलं, की रात्र कशी होते. नोकरी जाणार हे दिसत असूनही मी भारावून गेलो होतो.

साहेब उठून उभे राहिले. "या बाई कोण? कुठल्या शाळेत आहेत? अशा शिक्षिकेला आधी कायम केलं पाहिजे."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताडकन उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, ती माझी आई आहे, पण तिला घेऊ नका, जागा एकच आहे!"