आजाऱ्याची जागा

बोटीच्या रांगेत हॉर्न वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. समोर पाणी, बोट पलीकडच्या काठाला. तू हॉर्न वाजवलास म्हणून ती काय पळत येणार आहे? पण वाजवतात. मी बेकरीची गाडी चालवतो. आठवड्याचे सहा दिवस पाव घेऊन पलीकडे जायचं आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं, त्यामुळे असले महाभाग मी ढिगाने पाहिलेत. त्यांना सरळ करणारा एकच माणूस आमच्या धक्क्यावर होता. त्याला सगळे वीतभर म्हणायचे.

वीतभरकाका बोटीवर गाड्या लावायचे. बोट लहान, तीन रांगा मिळून अठरा गाड्यांची. गाडी उतारावरून आत शिरली की काका तिच्यासमोर दोन्ही हात वर करून उलटे चालत. "या, या, या... वीतभर, वीतभर... बास!" दोन गाड्यांमध्ये एक वीत अंतर, ना कमी ना जास्त. माणूस सहा फुटांच्या वर, त्यामुळे या नावाची गंमत आणखी वाढायची. त्यांच्या तोंडावर मात्र सगळे काकाच म्हणत.

त्यांचे नियम सगळ्यांना पाठ होते. रांगेत इंजिन बंद. बोटीत शिरताना पुढचे दिवे बंद, कारण समोर माणूस उभा असतो आणि त्यालाही डोळे असतात. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची. दार उघडताना शेजाऱ्याच्या दाराचा विचार करायचा. रांगेतली गाडी सोडून चहाला गेलात तर नंबर गेला, मग तुम्ही कोणी का असेना. एकदा एक मोठे साहेब चहाला गेले आणि परत येऊन बघतात तर मागच्या अकरा गाड्या त्यांना वळसा घालून बोटीत बसलेल्या. साहेब खूप बोलले. काका शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "चहा चांगला असतो इथला. पुढच्या बोटीला पन्नास मिनिटं आहेत, अजून एक घ्या."

आणखी एक रीत होती, आणि ती या धक्क्यावर काकांच्याही आधीपासून होती. डाव्या रांगेतली उताराच्या तोंडाशी असलेली जागा अगदी शेवटपर्यंत रिकामी ठेवायची. ती आजाऱ्याची जागा. गाडीत कोणी आजारी असेल तर चारही इंडिकेटर लावायचे. काकांना ते दिसले की बाकीच्या गाड्या बाजूला घेऊन ती गाडी पहिली आत. कोणी कारण विचारायचं नाही, कागद मागायचा नाही. घंटा होईपर्यंत कोणी दिवे लावले नाहीत, तर ती जागा रांगेतल्या पहिल्या गाडीला मिळायची. इतक्या वर्षांत खोटे दिवे लावणारे मी दोनच पाहिले. त्यांनाही काकांनी आत घेतलं. फक्त गाडी जागेवर लागल्यावर म्हणाले, "पेशंटला आराम पडो." त्यातल्या एकाचे कान लाल झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

काकांचं घर धक्क्यामागेच, दोन खोल्यांचं. काकू होत्या तोवर बाहेरच्या खिडकीवर पडदा होता आणि दुपारी आतून रेडिओ ऐकू यायचा. मुलगी लग्न होऊन पलीकडे गेलेली. काका दिवसाला दोनशे माणसांशी बोलायचे, पण त्यात स्वतःबद्दल एक शब्द नसायचा. स्वतःचं म्हणून जे काही बोलायचं ते घरी जाऊन, काकूंशी. हे मला काकूंनीच एकदा पाव घेताना हसत सांगितलं होतं. "बाहेर शिटी आणि घरी रेडिओ. आमचा खरा रेडिओ बंद करावा लागतो हे आले की."

सहा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी मी रांगेत पहिला होतो. बोट भरत आली होती. मी आरशात पाहिलं तर मागे सातवी की आठवी गाडी काकांच्या मुलीची. ती चार दिवस माहेरी आलेली होती. शेजारच्या सीटवर काकू होत्या. मला वाटलं, मायलेकी पलीकडे बाजाराला निघाल्या असतील. दिवे लागलेले नव्हते. घंटा झाली. काकांनी एकदा मागे पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं, आणि मला हात केला. आजाऱ्याची जागा मला मिळाली. मी खूश झालो. पन्नास मिनिटं वाचली होती. काचेतून हात वर करून मी त्यांना थँक्यू म्हटलं, आणि त्यांनी रोजच्यासारखी मान हलवली.

काका कामावर आल्यापासून काकूंच्या छातीत दुखत होतं. मोठं हॉस्पिटल पलीकडे. बोट सुटल्यावर काका रांगेतून चालत त्यांच्या गाडीपर्यंत गेले, तेव्हा काकूंची शुद्ध हरपत होती. पुढच्या बोटीत त्यांची गाडी पहिली गेली, पण ती पन्नास मिनिटांनी. तिसऱ्या दिवशी काकू गेल्या. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टरांनी म्हटलं नाही. वाचल्या नसत्या, असंही म्हटलं नाही.

महिनाभराने मी धीर करून काकांपुढे उभा राहिलो. म्हटलं, "काका, ती जागा..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुमचा नंबर होता. तुम्ही काय करणार?" मग पाण्याकडे वळून म्हणाले, "मला दिसली होती गाडी. हिची मान मागे टेकलेली दिसली होती. मी म्हटलं, तसं काही असेल तर पोरगी दिवे लावेल. आपणहून आपल्याच बायकोला पुढे कसं काढायचं? लोक काय म्हणतील? हा दुसऱ्यांना नियम सांगतो आणि स्वतःच्या घरच्यांना वाट करून देतो." एवढं बोलून त्यांनी शिटी तोंडात धरली. बोट लागत होती.

मुलगी त्यानंतर या धक्क्यावर आली नाही. इकडे काही काम निघालं तर वरच्या पुलावरून तीन तासांचा वळसा घालून यायची आणि काम उरकून जायची. भांडण झालं असतं तर एक वेळ बरं होतं. भांडणात माणूस ओरडतो, रडतो, कधीतरी थकून शांत होतो. इथे तसं काही नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. तब्येत बरी आहे ना, औषधं घेताय ना, ठेवते. काका शनिवारपासून फोन चार्ज करून ठेवायचे. दीड मिनिटाचा फोन असायचा. मला हे माहीत आहे, कारण रविवारी मला सुट्टी असायची आणि माझी बायको मला त्यांच्याकडे काहीतरी खायला देऊन पाठवायची. दोन खोल्या लख्ख. भांडी एका रांगेत, खुर्च्या एका रांगेत. आणि इतकी शांतता, की मी बसलो तरी मला आपण जास्त आवाज करतोय असं वाटायचं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. नारळ, शाल असलं काही नाही, एक घड्याळ मिळालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी मी रांगेत लागलो, तर इस्त्री केलेला सदरा घालून काका माझ्या खिडकीशी उभे.

"पाववाले, तुमच्या गाडीत एक माणूस बसेल का?"

"अहो, बसा की! कुठे?"

"पोरीकडे. फोनवर नाही जमत. एकदा समोर बसून सांगायचंय, की माझं चुकलं. तिने मला माफ करावं असं नाही. पण मी म्हणायला तर हवं."

बोटीवर ते माझ्या शेजारी बसून होते. नव्या माणसाने आमच्या पुढची गाडी चांगली हातभर लांब लावली. मी मुद्दाम म्हटलं, "बघताय ना काका?"  मांडीवर पालथे हात ठेवून ते मनातल्या मनात काहीतरी घोकत होते, शाळेत तोंडी परीक्षेच्या आधी पोरं घोकतात तसं.

माझे पाव उतरवून आम्ही दुपारी तिच्या घरी पोचलो. मी गाडीतच थांबतो म्हटलं, पण तिने मलाही आत बोलावलं. दार उघडताना ती क्षणभर थबकली होती, तेवढंच. मग सगळं रीतसर झालं. पाणी आलं. पंख्याचा वेग विचारला. चांगल्या कपांतून चहा आला, बशीत बिस्किटं. प्रवास कसा झाला, बोटीला गर्दी होती का, गुडघे कसे आहेत. काकांनी कप खाली ठेवून दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा तिने "अजून घ्या ना" म्हणून बिस्किटं पुढे केली. एकदाही तिने त्यांना बाबा म्हटलं नाही. तिने कप आदळला असता, तोंडावर दार लावलं असतं, तरी मी समजू शकलो असतो. पण इतक्या अदबीने माणसाला दूर बसवता येतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तिचा मनापासून राग आला.

अर्ध्या तासाने काका उठले. जे सांगायला आले होते ते सांगायचं राहून गेलं होतं. ती फाटकापर्यंत सोडायला आली. मी गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "त्या दिवशी आम्ही तुम्हाला दिसलो होतो?"

काका वळले. "दिसला होतात."

"मग?"

"तू दिवे लावशील म्हणून वाट पाहिली. माझं चुकलं, बाळा. मी यायला हवं होतं. धावत यायला हवं होतं."

ती फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली. मग एका दमात म्हणाली, "मी हात घातला होता बटणावर. आईने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे, लोक ह्यांना बोलतील. ह्यांना आयुष्यभर कोणी नाव ठेवलं नाही, आता माझ्यामुळे नको. पन्नास मिनिटांनी काय होतंय, म्हणाली." तिने कडी घट्ट धरली. "मी ऐकलं तिचं. मी का ऐकलं? तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणून मी... तुम्हाला वाटायचं मी तुमच्यावर चिडलेय. चिडले होतेच. पण तेवढंच नव्हतं."

 काकांचे ते दोन लांब हात नुसते खाली लोंबत होते. ज्या हातांनी हजारो गाड्या जागेवर आणल्या, त्यांना समोरच्या एका बाईपर्यंत कसं पोचायचं ते सुचत नव्हतं. तिनेच डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, जेवून जा ना. मी लगेच टाकते काहीतरी."

बाबा म्हणाली ती. मी ऐकलं. आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या नव्या घड्याळाकडे पाहिलं. "नको गं. ह्यांची बोट चुकेल. ह्यांना उगाच उशीर."

मला म्हणता आलं असतं, काका, बसा निवांत, मी थांबतो. नाहीतर, राहा तुम्ही, उद्या नेतो. बेकरीत माझी कोणी आरती घेऊन वाट बघत नव्हतं. पण बापलेकीच्या मध्ये आपण कशाला तोंड घालायचं, असं मला वाटलं. मी सभ्यपणे गाडीत जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली. या माणसाच्या आयुष्यात मी दोनदा योग्य तेच वागलो आहे, आणि दोन्ही वेळा माती केली आहे. "बरं," ती म्हणाली, "सांभाळून जा," आणि फाटक लावलं.

धक्क्यावर आलो तर बोट पलीकडे होती. रांगेत आम्ही दुसरे. मी इंजिन बंद केलं. मागच्या कोणीतरी हॉर्न वाजवला, पण काकांनी मान वळवली नाही. ते समोरच्या काचेतून बघत होते.

"ती माझं नाव जपत होती," ते म्हणाले. "छातीत दुखत असताना. गाड्या लावणाऱ्या माणसाचं कसलं आलंय नाव?"

मी म्हटलं, "काका, पुढच्या आठवड्यात परत जाऊ. जेवायलाच जाऊ."

त्यांनी मान हलवली, ती मला बरं वाटावं म्हणून. मग घरी कोणी वाट बघत असावं तशा, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "असं काही कळलं ना, की मी पहिलं हिला जाऊन सांगायचो."