करवंटीतली तांबडी माती

पोरीला धूळ अजिबात चालणार नाही, असं उमरग्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. माझ्या धाकट्या भावाची ही पहिली पोर, दिवस भरायच्या आधीच झालेली, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत ठेवलेली. घरात झाडूसुद्धा मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, असा हुकूम होता. आणि आमच्या शहाण्याला ऐन बारशाच्या तोंडावर छताला भोक पाडायचं सुचलं!

कारण पाळणा. स्टँडवरचा पाळणा आईला पसंत नव्हता. नातीचा पाळणा मधल्या खोलीत छतालाच टांगायचा म्हणून ती अडून बसली. तिथं कडी नव्हती. भाऊ कुणाकडनं तरी ड्रिल मागून घेऊन आला. मी म्हटलं, "अरे बाबा, धूळ?" तर म्हणतो कसा, "अक्का, तू नुस्तं बघ."

आणि खरं सांगते, केलं त्यानं झकास. नारळाच्या करवंटीला बुडाशी भोक पाडलं, ड्रिलचं टोक त्यातून वर काढलं आणि करवंटी छताला टेकवली. वरून पडेल ते करवंटीतच. दारं लावली, पंखा बंद केला, भावजयीला पोर घेऊन शेजारी पाठवलं. मी खाली स्टूल धरून उभी. मशीन घरघरलं तसे माझे दात शिवशिवले, पण पदरावर कणभर धूळ आली नाही.

उतरून त्यानं प्रसाद द्यावा तशी करवंटी माझ्यापुढं धरली. मी बोट घातलं. सिमेंटची धूळ कशी, पिठासारखी, करडी, फुंकली की उडते. ही उडेना. ओलसर गोळा झाला होता आणि रंग तांबडा, गंजलेल्या विळ्यावरून हात फिरवल्यावर लागतो तसा. मी मान वर करून छताकडं बघितलं. त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर गच्चीत पाण्याची टाकी आहे, आणि ती कधीची पाझरत होती.

"हा गंज हाय रे. आतल्या सळया पाण्यानं खाल्ल्यात."

"ओलं हाय म्हणून तर उडलं न्हाय. बरंच झालं की!"

"ऐक माझं, कडी नको लावूस हितं."

"अक्का, शुभकार्य हाय. तोंडातनं वंगाळ काढू नकोस."

आईनंही त्याचीच री ओढली. असा संताप आला मला! पण घरात पाव्हणे यायला लागले होते. कडी लागली, पाळणा टांगला, त्याला झेंडूच्या माळाही घातल्या.

बारशाला खोली बायकांनी गच्च भरली. आमच्याकडं बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात निजवतात. मी आत्या, मान माझा. वरवंट्याला पांढरं टोपरं घातलं, पाळण्यात ठेवला, झोका दिला. बायका गाऊ लागल्या. कडी किरकिर वाजत होती, पण गाण्यात ती कुणाला ऐकू जाणार? वरवंटा उचलायला वाकले आणि हात तिथंच थांबला. टोपऱ्यावर तांबडी माती पडली होती. बघता बघता आणखी पडली. आणि आज तर कुणी भोक पाडत नव्हतं.

आमच्या भागात छतातून माती पडली, की भूकंप बघितलेली माणसं आधी दाराकडं बघतात. आईनं बघितलं. भावजय पोरीला दोन्ही हातांवर घेऊन पुढं आली, तशी मी पाळण्याच्या आडवी झाले.

"पोर ह्यात जाणार न्हाय."

गाणं थांबलं. "आत्यालाच नको झालीय वाटतं पोर," मागून कुणीतरी बोललं. भाऊ तिरमिरत आला. "चारचौघांत शोभा करतीस व्हय? बघ, किती पक्की हाय कडी!" त्यानं पाळण्याची साखळी धरली आणि सगळा भार टाकून हिसडा दिला.

कडी एकटी आली नाही. ताटाएवढा स्लॅबचा तुकडा घेऊन आली. भाऊ उताणा पडला. पाळणा फरशीवर आदळला आणि तुकडा त्याच्यात. खोलीत काही दिसेना. भावजय पोरीचं तोंड छातीशी दाबून बाहेर पळाली.

धूळ खाली बसल्यावर मी पाळण्यात बघितलं. वरवंट्याला काही झालं नव्हतं, दगडच तो. टोपरं मात्र फाटून चिंधी झालं होतं, तांबडं.

नाव मी अंगणात लिंबाखाली ठेवलं. पोर खोकत होती आणि प्रत्येक खोकल्याला भावजय माझा हात आवळत होती. कानात कुर्र केल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. त्या दिवशी कुणाचा हात उचलला नाही. भाऊ कोपर खरचटलेलं घेऊन पायरीवर बसला होता. "अक्का," एवढंच म्हणाला.

टाकी दुसऱ्याच दिवशी उतरवली. पण छत सगळ्या घराला एकच आहे. पोरीला निजवायच्या आधी आई आता जमिनीवर पांढरा पंचा अंथरते, शेजारी बसते आणि बराच वेळ त्या पंच्याकडं बघत राहते. मगच पोरीला त्याच्यावर ठेवते.