सोया म्हणून वाढलेला खिमा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवाला नाही. देवापुढं नुसता उभा राहतो, हात जोडतो आणि तोंड मिटून परत फिरतो. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. बघू.

मी चौथी शिकलेला. इचलकरंजीत मागावर आयुष्य काढलं, मालकापुढंसुद्धा मान वाकवली नाही. म्हातारपणी मुलानं आम्हा दोघांना इकडं परदेशात, विंडसरला आणलं. आमची ही — शालिनी — कोल्हापूरची. मटणाशिवाय रविवार नाही अशी बाई. पण नात ईशा सातव्या महिन्यातच जन्मली, काचेच्या पेटीत ठेवलेली, तेव्हा ही देवीला बोलून बसली — पोर जगू दे, मरेपर्यंत मांसमच्छीला शिवणार नाही. पोर जगली. हिनं आपलं पातेलं आणि झारा वेगळा केला. मनीषा, आमची सून, ती भांडी वेगळ्या स्पंजनं घासायची. इतकं ती पोरगी पाळायची.

मग एका थंडीत ही ड्राइव्हवेवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अंगात रक्तच नाही. डाळ दिली की ओकायची, दूध नको, काहीच नको. डॉक्टर म्हणाला, मांस खाऊ घाला, नाहीतर या उठत नाहीत. मी समजावलं. ओरडलो. नाही म्हणजे नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि माझं ऐकत नाही म्हणजे काय? — तिच्या जिवाची भीती किती आणि माझा हट्ट किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही.

मनीषा फ्रीझरमध्ये टर्कीच्या खिम्याची पाकिटं ठेवायची. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण वर पक्ष्याचं चित्र असायचं. कोंबडीहून थोराड पक्षी तो, पण खिमा फिक्का आणि वास बेताचा. दुपारी घरात आम्ही दोघंच. ही पलंगावर, मी ओट्यापाशी. हळद घालून खिमा उकडायचा, पाणी ओतून द्यायचं, मुठीत पिळायचा. मग कांदा, आलं-लसूण, गावाकडचं तिखट, वाटाणे, आणि वरून मूठभर खरा सोया, खिम्यासारखाच दिसणारा. कधी कोबीत घालायचा, कधी थालीपिठात. शिजवायचं तिच्याच पातेल्यात. जन्मात स्वतःचा चहा न केलेला माणूस मी. शिकलो.

"सोया आहे," म्हटलं.

"अहो, इकडचा सोया भलताच चवीचा," ही म्हणाली. "आणि तुमच्या हाताला इतकी वर्षं काय झालं होतं?"

मी हसलो. कसा हसलो असेन?

महिन्याभरात ती काठी धरून चालायला लागली. वाटलं, जिंकलो. गोष्ट इथंच संपली असती तर पाप माझं मी गिळलं असतं. पण सांगायचं आहे ते हे नव्हेच — मी अजून कडेकडेनंच फिरतोय.

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. ही टेबलाशी जेवत होती, मनीषा नुकतीच कामावरून येऊन दारात बूट काढत होती. हिच्या दाताखाली काहीतरी कटकन आलं. तळहातावर काढून बघितलं — तांदळाएवढं हाड. जिनं जन्मभर मटण रांधलं, तिला हाड ओळखायला किती वेळ?

"मनीषा, माझ्या पातेल्यात तुमचं काही शिजवलंस?"

मनीषानं माझ्याकडं बघितलं. झारा माझ्या हातात होता. फ्रीझरमधली पाकिटं संपत होती, ते तिला दिसत नव्हतं का? त्या नजरेत मला कळलं, सुनेला सगळं ठाऊक आहे. आणि ती थांबली. मी बोलावं म्हणून थांबली. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "तिलाच विचार. भांडी तीच घासते."

हे. हे मी केलं.

मनीषानं दुसऱ्या पायातला बूट काढून ठेवला. मग म्हणाली, "चुकून झालं असेल, आई. सॉरी."

ही वॉशरूममध्ये जाऊन घशात बोटं घालून ओकत राहिली. त्यानंतर मनीषाच्या हातचं पाणीही घेतलं नाही. त्याच थंडीत ईशाला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मुलासमोर, ही मनीषाला म्हणाली, "नवस मोडवलास माझा. पोरीला काही झालं तर तुझ्यामुळं." पोरीच्या आईलाच म्हणाली हे! मी शेजारच्या खुर्चीत होतो. ऐकू येत होतं. जीभ जागची हलली नाही. ईशा बरी झाली, तरीही हलली नाही. कशाला भ्यालो? बायकोच्या नजरेतून उतरेन म्हणून — एवढंच. मी उतरू नये म्हणून त्या पोरीला उतरू दिलं. मुलगासुद्धा कितीतरी दिवस तिच्याशी तुटक बोलत होता. तेही बघितलं.

दोन वर्षांनी ही शेवटची आजारी पडली. मनीषा कामावरून थेट हॉस्पिटलात यायची, थर्मासमध्ये मऊ भात घेऊन. एका संध्याकाळी तिनं चमचा पुढं केला. हिनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मनीषानं वाटी माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

मी चमचा नेला. हिनं तोंड उघडलं.

"तुमच्या हातचं चालतं मला," म्हणाली.

दार उघडंच होतं. मनीषाला ऐकू गेलं असणार. मी दुसरा चमचा भरला, मग तिसरा. वाटी संपवली.

दोन दिवसांनी ही गेली. मनीषाशी मी यातलं एक अक्षर बोललेलो नाही, तिनंही कधी काढलं नाही. दोन्ही वेळा तिच्याच हातचं जेवतो.